तुरीच्या सोल्यांतलं गणित

पाच वर्षांच्या मुलाच्या शरीराला दिवसभरात जेवढी ऊर्जा लागते, तिच्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा एकटा मेंदू घेतो. ख्रिस्तोफर कुझावा या मानववंशशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा हिशेब मांडला. याच वयात मुलाच्या अंगाची वाढ मंदावलेली असते. ऊर्जा मेंदूकडे वळते, कारण तिथे फार मोठं काम चालू असतं. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. त्यांतल्या ज्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्या वापरात येत नाहीत त्या गळून पडतात. म्हणून तीन ते सहा या वयातलं मूल रोज काय पाहतं, काय हाताळतं, कुणाशी किती बोलतं, याला एवढं महत्त्व आहे.

यवतमाळ जिल्ह्यात मूल अंगणवाडीत, कॉन्व्हेंटात किंवा पहिलीत जायच्या आधी घरोघरी पाटी आणि अंकलिपी येते. मुलाला एबीसीडी यावी, शंभरपर्यंत अंक म्हणता यावेत, नाव लिहिता यावं, अशी धडपड सुरू होते. ती मायेपोटीच असते. पण बालविकासाचं विज्ञान वेगळीकडे बोट दाखवतं. शाळेसाठी जी तयारी खरोखर लागते, ती घरातल्या कामांत मुलाला थोडा वाटा दिल्याने आणि ते काम करताना त्याच्याशी बोलत राहिल्याने होते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, आणि आईवडिलांचं शिक्षण कमी असलं तरी अडत नाही.

अंगणातून आलेली कल्पना

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्या बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलवलं. बिया, पानं, शंखशिंपले, माती अशा परिसरातल्या वस्तू हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोचू लागली.

यवतमाळचं नाव या इतिहासात अलीकडे जोडलं गेलं. ‘आरंभ’ हा बालविकासाचा उपक्रम राज्यात प्रथम ज्या दोन जिल्ह्यांत राबवला गेला, ते म्हणजे यवतमाळ आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. २०१८ च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात बाल विकास योजनेच्या बरोबरीने युनिसेफ आणि सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय होतं. अंगणवाडी सेविकांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण मिळालं. गृहभेटी आणि पालक मेळाव्यांतून आईवडिलांना सांगितलं गेलं की वजन-उंचीइतकंच बाळाशी खेळणं आणि बोलणंही मोजायला हवं.

पुढे २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यभर आलं. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी शाळेत दोनदा मेळावा भरतो. शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक आणि भाषा विकास, शिवाय गणनपूर्व तयारी, असे टेबल मांडतात. मूल एकेक कृती करत पुढे जातं आणि त्याच्या विकासपत्रात नोंद होते. नंतर गावातल्या आयांचे गट होतात आणि दोन मेळाव्यांच्या मधल्या आठवड्यांत मुलांकडून घरी कृती करून घेतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांनंतर उघडतात, त्यामुळे इथल्या घरांना थोडा अधिकच अवधी मिळतो.

‘मला तीन दे’

हिवाळ्यात घरोघरी तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसतात. सोलेभातासाठी, आमटीसाठी. तिथे बसल्या बसल्या मुलाने घडाघडा दहापर्यंत अंक म्हणून दाखवले की घरच्यांना वाटतं, याला मोजता येतं. करेन विन या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास लहान मुलांना एक साधं काम दिलं: ढिगातून सांगितलेल्या संख्येइतक्या वस्तू काढून द्यायच्या. दहापर्यंत म्हणणाऱ्या अनेक मुलांनी ‘तीन दे’ म्हटल्यावर मूठभर वस्तू उचलून दिल्या. अंक तोंडपाठ असणं आणि ‘शेवटी म्हटलेला अंक म्हणजे एकूण किती’ हे कळणं, यांत बऱ्याच महिन्यांचं अंतर असतं.

हे अंतर शेंगा सोलताना पार करता येतं. “बाबू, मला तीन शेंगा दे.” “या शेंगेत किती दाणे निघाले? आणि त्या शेंगेत?” “कोणत्या वाटीत जास्त आहेत?” इथे प्रत्येक दाण्याला एक अंक मिळतो, दाणे हातात येतात आणि उत्तर लगेच तपासता येतं. जेवायला बसताना माणसी एक ताट मांडणं, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, लहान-मोठ्या वाट्या एकात एक बसवणं, ही सगळी गणनपूर्व तयारीच आहे.

खेळाचाही उपयोग होतो. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० अंकांची सरळ पट्टी असलेला सोंगट्यांचा खेळ खेळायला दिला. दोन आठवड्यांत सगळं मिळून तासभर खेळ झाला. तेवढ्याने मुलांची संख्यांची समज वाढली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. अंगणात कोळशाने दहा घरं आखून त्यांत १ ते १० अंक लिहिले, एका बाजूने घासलेले चिंचोके फाशांसारखे टाकले आणि पडतील तेवढी घरं त्यांतले अंक मोठ्याने म्हणत पुढे सरकलं, की हाच खेळ फुकटात तयार होतो.

मनगट आधी, पेन्सिल नंतर

प्रौढ माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करत हाडात बदलत जातात. हा क्रम शाळेची बरीच वर्षं चालू राहतो. पेन्सिल तीन बोटांत नीट धरण्याची पद्धतही साधारण चौथ्या ते सहाव्या वर्षांत स्थिरावते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज पानभर ‘अ’ गिरवायला लावलं तर हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा मात्र पक्का होतो.

हाताला आधी ताकद आणि नेमकेपणा हवा. कापसाच्या या जिल्ह्यात त्याचा उत्तम व्यायाम घरातच आहे. स्वच्छ कापसातली सरकी बोटांनी वेगळी करणं, आजीजवळ बसून वाती वळणं. वात वळताना अंगठा आणि पहिली दोन बोटं जशी चालतात, तशीच पुढे पेन्सिल धरताना चालतात. भाकरीच्या पिठाचा गोळा मळून थापणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, झेंडूची फुलं ओवणं, शर्टाची बटणं लावणं, हेही तसंच. मोठ्या स्नायूंसाठी लंगडी, टिक्करबिल्ला आणि झाडावर चढणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी. पडद्यासमोर बसण्याचा वेळ तासाच्या आत असावा, आणि जितका कमी तितका बरा.

दोन गोष्टी मात्र काटेकोर पाळायच्या. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके किंवा तुरीचे दाणे देऊ नयेत. ते नाकात किंवा घशात अडकतात. आणि कीटकनाशकाचे रिकामे डबे, झाकणं मुलांच्या खेळात कधीही येऊ देऊ नयेत. २०१७ च्या फवारणीतल्या विषबाधांमध्ये या जिल्ह्याने माणसं गमावली आहेत. जे विष मोठ्यांना सोसलं नाही, ते लहान अंगाला किती कमी मात्रेत घातक ठरेल, हे सांगायला नको.

बोलाचाली

मुलासमोर नुसतं बोललं, की मुलाशी आळीपाळीने बोललं, यात फरक पडतो. रेचल रोमिओ यांच्या संशोधक गटाने २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना मुलांच्या मेंदूत काय घडतं ते पाहिलं. ज्या मुलांचं मोठ्यांशी बोलणं-उत्तर-पुन्हा बोलणं अधिक होतं, त्यांच्या मेंदूतला भाषेशी संबंधित भाग अधिक सक्रिय दिसला. घरची मिळकत आणि आईवडिलांचं शिक्षण लक्षात घेऊनही हा संबंध कायम राहिला.

म्हणून शेतातून घरी आल्यावर ‘आज काय काय केलं?’ असं विचारावं आणि उत्तर संपेपर्यंत थांबावं. ‘मग?’, ‘आणि बैल का पळाला?’, ‘तुला काय वाटतं?’ असं विचारत गेलं की मूल घडलेल्या गोष्टी क्रमाने लावायला शिकतं. वाचलेलं समजण्याची पूर्वतयारी यातच आहे. नादाकडे कान असणंही तितकंच मोलाचं. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये सुमारे ४०० मुलांच्या अभ्यासातून दाखवलं की ज्या चार-पाच वर्षांच्या मुलांना शब्दांमधले सारखे आवाज ओळखता येतात, ती पुढे वाचनात सरस ठरतात. ‘पऱ्हाटी, पळस, पोळी, आणखी काय?’ हा खेळ चालता चालता होतो. यमकांची गाणी, कोडी, भुलाबाईची गाणी हा या भागातल्या आजीबाईंकडचा ठेवा तर आहेच.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम पोडावर मूल कोलामी ऐकत वाढतं. ती द्राविडी कुळातली भाषा आहे, मराठीहून अगदी निराळी. गोंड वस्तीत गोंडी असते, तांड्यावर गोरमाटी. शाळेत मराठी लागणार म्हणून आईने मोडक्या मराठीत बोलायची गरज नाही. मोजणं, कारण सांगणं, गोष्ट रचणं या क्षमता ज्या भाषेत आईला पोटभर बोलता येतं त्याच भाषेत उत्तम घडतात, आणि दुसरी भाषा शिकताना मुलाच्या सोबत येतात. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सुरुवातीच्या शिक्षणासाठी घरच्या भाषेचाच आग्रह धरतं.

थांबता येणं

पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी मुलाला काय लागतं? आपली पाळी येईपर्यंत थांबणं, बाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं. कपाळामागचा मेंदूचा भाग या तिन्ही क्षमतांमध्ये मोठा वाटा उचलतो, आणि तीन ते पाच या वयात त्या झपाट्याने वाढतात. घरी त्यांचा सराव सहज होतो. ‘आतल्या खोलीतून वाटी आण आणि येताना दार लोटून घे’ अशी दुहेरी सूचना द्यावी. तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन रांगेत उभं राहणं हा थांबण्याचाच धडा. भुलाबाईची खिरापत ओळखताना मूल डब्याचा आवाज ऐकतं, अंदाज बांधतं, चुकल्यावर तो सोडून नवा बांधतं. या एका खेळात ऐकणं, आठवणं आणि विचार बदलणं, तिन्ही आहे.

वेळ कुणाकडे आहे?

वेचणीच्या दिवसांत आई पहाटे चूल पेटवते आणि दिवस मावळताना परतते. तिला ‘मुलाला रोज तासभर द्या’ असं सांगणं अन्यायाचं आहे. म्हणूनच चालू कामात मुलाला सामील करण्याचा हा मार्ग मोलाचा ठरतो. मुलाचा वाटा दहा-पंधरा मिनिटांचा आणि त्याच्या खुशीचा असावा. काम उरकून घेणं हा त्याचा हेतू नाही. आणि ही जबाबदारी आईची एकटीची नाही. बाप संध्याकाळी बैलांना पाणी पाजतो, आजोबा दोर वळतात, मोठी बहीण भांडी लावते. प्रत्येकाजवळ मुलाला सांगण्यासारखं काहीतरी आहे.

अशा साध्या गोष्टींचा परिणाम किती दूर जातो, हे जमैकात दिसलं. १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टन शहरातल्या १२९ खुरटलेल्या बाळांचा अभ्यास सुरू केला. काही घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षं दर आठवड्याला जात आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळावं, कसं बोलावं, ते आईला दाखवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. आपल्याकडे घरोघरी जाणारी कार्यकर्ती आधीपासून आहे, ती म्हणजे अंगणवाडी सेविका. तिच्यावरचा नोंदींचा भार हलका करून हे काम करायला तिला सवड देणं, ही शासनाची जबाबदारी आहे.

तेव्हा जून जवळ आला की मुलाला किती अक्षरं येतात हे विचारण्याआधी काही वेगळे प्रश्न विचारून पाहावेत. कालची गोष्ट त्याला क्रमाने सांगता येते का? ढिगातून सांगितल्या तेवढ्या वस्तू ते देतं का? आपली पाळी येईपर्यंत थांबतं का? हात धुऊन आपल्या हाताने जेवतं का, लघवीला जायचं आहे हे परक्या माणसाला सांगू शकतं का? एखादं उत्तर नाही असं आलं, तर त्यासाठी शिकवणी लावायची गरज नाही. रोजच्या कामात त्या गोष्टीला जागा करून द्यावी. अक्षरं शिकवणं हे शाळेचं काम आहे, आणि त्यासाठी शाळेजवळ पुरेशी वर्षं आहेत.