यात्रेला निघताना आभाळ वाचून निघा



मार्गशीर्ष-पौष हे उत्तर महाराष्ट्रात घराबाहेर पडण्याचे दिवस. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिक-अहिल्यानगरकडील दिंड्या त्र्यंबकेश्वराची वाट धरतात. मुलांच्या शाळेच्या सहली याच सुमारास निघतात, लेकी माहेरी येतात. पण वर्षातली सर्वांत कडक थंडीही याच दिवसांत पडते, आणि रानात द्राक्षाचे मणी भरत असतात, केळी निसवत असते, कांदा गाठ धरत असतो. चार दिवस घर सोडायचे तर आधी आभाळ वाचावे.

आभाळ वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ढग आले की रात्री उबदार होतात आणि ‘थंडी सरली’ असे वाटून माणूस निर्धास्त होतो. खरा कडाका बहुधा ढग हटल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येतो.

असे का होते? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून हवेच्या कमी दाबाचे पट्टे इराण-अफगाणिस्तानावरून हिमालयाकडे सरकतात. यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ते काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात. त्यांच्या ओढीने कधी आपल्याकडेही ढग दाटतात, एखाद वेळी पाऊस व गाराही पडतात. २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसाने आणि गारांनी निफाड भागातील द्राक्षबागांचे काय केले, हे आपण पाहिलेच आहे. हा पट्टा पुढे सरकला, की उत्तरेकडची कोरडी, गार हवा मध्य प्रदेश-राजस्थानावरून खानदेशात व नाशिकपट्ट्यात उतरते. ढगांचे पांघरूण गेलेले असते. दिवसा तापलेली जमीन रात्री मोकळ्या आभाळाखाली झपाट्याने निवते. वारा पडला तर गार हवा जड म्हणून सखल रानात साचते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता.

हवामान विभाग ‘थंडीची लाट’ म्हणतो ती केव्हा? मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असेल तेव्हा. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली आला, तर सरासरी न पाहताही लाट मानतात. मात्र हा आकडा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ठेवलेल्या तापमापकाचा असतो. निवांत रात्री जमिनीलगत तापमान आणखी काही अंशांनी कमी असते. म्हणून अंदाजात ६ अंश ऐकले, तर ओढ्याकाठच्या, खोलगट रानासाठी त्याहून कमी धरूनच तयारी करावी.

अंदाज मिळवणे आता सोपे आहे. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. ‘मेघदूत’ ॲपवर तो आपल्या जिल्ह्यासाठी मराठीत वाचता येतो. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे लगेच कामाला लागा. निघण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहावा. त्यात आधी ढग-पाऊस आणि मागोमाग ‘किमान तापमानात घट’ असे लिहिलेले दिसले, तर रानाची व्यवस्था लावल्याशिवाय कुलूप लावू नये.

ती व्यवस्था अशी. मागे राहणाऱ्या माणसाला, मग ते म्हातारे वडील असोत, भावजय असो की शेजारी, चार गोष्टी वहीत लिहून द्याव्यात : आपल्या फीडरला वीज कोणत्या पाळीला येते, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या बागेचा, कोणत्या दिवशी थंडी वाढणार आणि आपला फोन लागला नाही तर कोणाला विचारायचे. कडाक्याच्या रात्री द्राक्ष व केळीच्या बागेला हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि विहिरीचे पाणी हवेपेक्षा कोमट असते. पहाटे बांधावर ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा, पण ठिबकच्या नळ्या, कडब्याची गंजी आणि पाचट यांपासून दूर. केळीचे घड पिशव्यांनी झाकावेत, उत्तरेच्या बाजूला शेडनेट किंवा तट्टे बांधावेत. गहू-हरभऱ्याला थंडी मानवते, त्यांची चिंता नको. ढगाळ दिवसांत मात्र द्राक्षावर भुरी, कांद्यावर करपा आणि हरभऱ्यावर घाटेअळी यांची पाहणी चुकवू नये.

गोठ्याला उत्तरेकडून गोणपाटाचे पडदे सोडावेत, खाली कोरडे पाचट पसरावे. वासरे-करडे उघड्यावर बांधू नयेत. रात्री वैरणीत कडबा थोडा वाढवावा, कारण तो पचताना जनावराच्या अंगात ऊब तयार होते. सकाळी हौदातले गारठलेले पाणी न पाजता विहिरीचे ताजे पाणी पाजावे.

आता प्रवासाविषयी. पाऊस पडून आभाळ निवळले, की पुढच्या पहाटे नदीकाठी दाट धुके उतरते. तेव्हा अंधारात निघण्यापेक्षा ऊन पडल्यावर निघावे. याच हंगामात उसाच्या गाड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि धुक्यात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. आपल्या ट्रॉलीला व बैलगाडीला मागून लाल रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे. पहाटे चालणाऱ्या दिंडीच्या पुढे व मागे विजेरीवाला माणूस हवा.

मुक्कामी शेकोटी उघड्यावरच करावी. बंद खोलीत, ताडपत्रीने झाकलेल्या ट्रॉलीत किंवा टेम्पोत शेगडी पेटवून कधीही झोपू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, डोळ्यांना तो झोंबत नाही आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. लेकरे थंडीने कुडकुडली, तर आणखी एक गोधडी द्या, शेगडी आत घेऊ नका.

यात्रा चुकवा असे कोणी सांगणार नाही. वर्षभर राबणाऱ्या घराला चार दिवस देवाचे आणि सोयऱ्याधायऱ्यांचे हवेतच. फक्त आभाळ निवळलेले पाहून निर्धास्त होऊ नका. त्या रात्री घरी फोन लावा आणि पारा किती उतरला, बागेला पाणी सोडले का, एवढे विचारा.