ऊसतोडीला जाताना शुगर-बीपीच्या गोळ्यांचे काय?

दसरा-दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम, परंडा भागातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे कोपी. ट्रॅक्टरच्या टोळीत असाल तर तीही मुक्काम बदलत राहते. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तोही सोबत येतो, पण गोळ्या बहुतेकांच्या महिनाभराच्याच असतात. त्या संपतात, त्रास काही होत नाही, म्हणून बंद राहतात. बीपी वाढले तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि एकदम लकवाच होतो. म्हणून ‘बरं वाटतंय’ यावर गोळी सोडू नका.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट डोसची आहे. गावात असताना ठरवलेला डोस फडात जास्त होऊ शकतो. पहाटे चारला उठून, गोळी घेऊन, नुसत्या चहावर कोयता हाती घेतला की शरीर साखर झपाट्याने वापरते. जड कामानंतर काही तास, कधी रात्री झोपेतही ती घसरते. हा धोका मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांचा. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो फार कमी. डोस स्वतः कमी-जास्त करू नका. निघण्याआधी डॉक्टरांना ‘तोडीला चाललोय’ एवढे स्पष्ट सांगा. पहाटे अर्धी भाकरी तरी खाल्ल्याशिवाय ही गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका.

साखर कमी झाली की घाम, थरथर, धडधड, भूक, मग गोंधळल्यासारखे होते. पण फडात घाम सगळ्यांनाच येतो! म्हणून जोडीदाराने लक्ष ठेवायचे. कोयता नीट पडत नाही, बोलणे तुटक झाले, उगाच चिडचिड सुरू झाली तर काम थांबवा, कोयता बाजूला ठेवा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, मग भाकरी खायला द्या. ‘ऊस चावला तर चालेल का?’ असे बरेच जण विचारतात. दुसरे काही नसेल तर चालेल, पण चावून रस पोटात जायला वेळ लागतो. साखरेची पुडी पदरात किंवा खिशात असलेली बरी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवून १०८ ला फोन करा. एरवी दिवसभर ऊस चावणे मात्र मधुमेह्याने टाळावेच.

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली उन्हापासून दूर, साधारण २५-३० अंशांच्या आत, चार आठवडे टिकते. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवा आणि बाटली पिशवीत गुंडाळून त्यात ठेवा. ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा पत्र्याखाली नको. बर्फाला चिकटूनही नको, गोठलेले इन्सुलिन फेकावेच लागते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरची तपासणी आणि नेहमीची औषधे मोफत मिळतात, आणि त्यासाठी त्या गावचे रहिवासी असावे लागत नाही. जमल्यास दोन-तीन महिन्यांची औषधे आधीच मागा. गोळीचे मूळ नाव आणि डोस लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर निक्षय क्रमांक सोबत न्या, म्हणजे नव्या ठिकाणी तोच उपचार पुढे चालू ठेवता येतो.

तोडलेल्या उसाचे बुडखे टोकदार असतात. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर जखम कळतही नाही. बंद बूट घाला, रोज रात्री तळपाय उजेडात बघा, आणि जखम दिसली तर हळद भरून वाट बघत बसू नका.

उलट्या-जुलाब लागले तर मेटफॉर्मिन आणि लघवी जास्त करणारी बीपीची गोळी याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका.

पट्टा पडून गावी परतलात की पहिल्या पंधरवड्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची आणि क्रिएटिनिनची तपासणी करा. कष्ट थांबलेले असतात, त्यामुळे डोस पुन्हा नव्याने ठरवावा लागतो.