यानाला सोनेरी पांघरूण कशाला?

चांद्रयान-३च्या विक्रम लँडरचा फोटो पाहिला की हमखास विचारलं जातं, ‘हे सोनं आहे का हो?’

नाही. ते पॉलिइमाइड नावाचं पिवळसर प्लास्टिक असतं. त्याच्या मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर चढवलेला असतो. ही चकाकी पिवळ्या प्लास्टिकमधून दिसते, म्हणून ती सोनेरी भासते.

अवकाशात हवा नाही. त्यामुळे वाऱ्याने काही निवत नाही; उष्णता येते-जाते ती मुख्यतः किरणांमधून. उन्हातली बाजू भाजून निघते, सावलीतली गारठते. चकचकीत पृष्ठभाग बरीचशी किरणं परतवून लावतो. असे अनेक पदर एकावर एक असतात आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक जाळी घालतात. पदर टेकले, तर उष्णता थेट आरपार जाईल. थर्मासच्या दुहेरी भिंतीचंच हे तत्त्व. पदरांना बारीक छिद्रंही असतात. उड्डाणाच्या वेळी अडकलेली हवा त्यांतून निघून जाते, नाहीतर पांघरूण फुगून फाटेल.

पण पांघरूण ऊब टिकवतं, निर्माण करत नाही. चंद्रावरची रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची. विक्रमला वीज सौर पॅनेलमधून मिळायची. सप्टेंबर २०२३मध्ये रात्र झाली आणि तो पुन्हा जागा झाला नाही. सोव्हिएत संघाची १९७० सालची लुनोखोद-१ बग्गी मात्र पोलोनियमच्या किरणोत्सारी उष्णतेवर महिनोन्महिने तगली.