सल्ला आणि सनद

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९१५ साली भीमराव रामजी आंबेडकर यांना एम्. ए. ची पदवी दिली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. परंतु त्याच वर्षी त्याच विद्यापीठाची तीच पदवी लूसी डिग्ज स्लो नावाच्या एका कृष्णवर्णीय शिक्षिकेनेही मिळविली होती, ही नोंद एका चरित्रपर टिपणात वाचनात आली आणि ह्या बाईंचा माग काढल्यावाचून स्वस्थ बसवेना. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला, तेव्हापासून त्या दासमुक्त समाजाचे पुढे काय झाले आणि विशेषतः त्या समाजातील मुलींच्या वाट्याला काय आले, ह्याची विचारपूस करणे हे आपल्याकडे वारशाने आलेले काम आहे असे मी मानतो. तो माग काढीत गेल्यावर माझे लक्ष एका दफ्तरावर खिळून राहिले. वॉशिंग्टन शहरातील हॉवर्ड विद्यापीठात १९२२ पासून १९३७ पर्यंत स्लोबाईंनी चालविलेले ‘डीन ऑफ विमेन’चे, म्हणजे विद्यार्थिनींच्या अधिष्ठात्रीचे, ते दफ्तर होते.

विद्यापीठाचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. यादवी युद्ध संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांच्या व्यवस्थेसाठी सरकारने जे खाते उघडले, त्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर ओटिस हॉवर्ड यांचे नाव १८६७ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेला मिळाले. मुलगे आणि मुली यांचे शिक्षण तेथे आरंभापासून एकत्र चालले. आणि सरकारी अनुदानाच्या आधारावर ही संस्था कृष्णवर्णीय अमेरिकेचे अग्रगण्य विद्यापीठ बनली. मुलींना दरवाजा उघडा होता हे खरे. पण दरवाजातून आत आलेल्या मुलीचे पुढे काय व्हावे, ह्याचा विचार करणारा अधिकारी मात्र त्या विद्यापीठात फार उशिरा आला.

स्लोबाई स्वतः ह्या दरवाजातून आत आलेल्या होत्या. व्हर्जिनियातील बेरीव्हिल गावी त्यांचा जन्म झाला, आईबापांचे छत्र बालपणीच हरपले, आणि एका आत्याने त्यांना वाढविले. बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीयांच्या हायस्कुलातून शिष्यवृत्ती घेऊन त्या १९०४ साली हॉवर्डला आल्या आणि १९०८ साली पदवीधर झाल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘अल्फा कप्पा अल्फा’ हा विद्यार्थिनींचा भगिनीसंघ स्थापन झाला. कॉलेजांतील कृष्णवर्णीय मुलींचा त्या जातीचा तो पहिलाच संघ, आणि त्याच्या संस्थापिकांत स्लोबाई होत्या. पुढे शिक्षकी, कोलंबियाची पदवी, आणि १९१७ साली बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमध्ये झालेल्या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेतील स्त्रियांचे अजिंक्यपद, असा त्यांचा प्रवास झाला. कोणत्याही खेळात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९१९ साली वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी पहिले ज्युनिअर हायस्कूल उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या पदावरून १९२२ साली त्या हॉवर्डमध्ये अधिष्ठात्री झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

त्या काळी ह्या पदाचा अर्थ काय केला जात असे, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढील हकीकतीचे मोल कळणार नाही. मुलींच्या वसतिगृहावर एक प्रौढ, धर्मशील, करड्या नजरेची बाई नेमावी. तिने दिवे केव्हा मालवले, पत्रे कोणाची आली, पोशाख नेमस्त आहे की नाही, मुलगी कोणाबरोबर आणि किती वेळ बोलली, ह्यावर पहारा ठेवावा. आणि वर्षाअखेरीस कोणतीही कुप्रसिद्धी न होता मुली सुखरूप घरी परतल्या म्हणजे तिचे काम फत्ते झाले असे समजावे, हा सर्वसाधारण प्रघात होता. आपल्याकडील वसतिगृहांच्या रेक्टरबाईंची जुनी प्रतिमा ह्याहून फारशी निराळी नाही. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत हा जाच अधिकच होता, कारण गोऱ्या देणगीदारांपुढे आपल्या मुलींचे शील निष्कलंक दाखविण्याची धास्ती चालकांच्या मनात सदैव वावरत असे. टेनेसीतील फिस्क विद्यापीठात पोशाखावरील आणि मुलामुलींच्या संभाषणावरील निर्बंध इतके असह्य झाले की १९२५ साली विद्यार्थ्यांनी संप केला आणि अध्यक्षांना जागा सोडावी लागली.

अशा काळात स्लोबाईंनी नेमणूक स्वीकारण्यापूर्वीच विद्यापीठाच्या अध्यक्षांना आपल्या अटी लेखी कळविल्या. ह्या संस्थेच्या सबंध कारभारात मला सर्वांत चित्तवेधक वाटलेली गोष्ट हीच होय, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो. पद अधिष्ठात्रीचे असावे आणि त्याबरोबर प्राध्यापकाचा दर्जाही असावा. विद्यार्थिनींसंबंधीचे प्रत्येक धोरण अध्यक्षांच्या मंजुरीने, परंतु अधिष्ठात्रीच्याच दफ्तरातून निघावे. प्रत्येक वसतिगृहावर शिकलेली, ह्या कामाचे शिक्षण घेतलेली बाई असावी आणि ती अधिष्ठात्रीला जबाबदार असावी. दफ्तराला लायक कारकून मिळावा. आणि अधिष्ठात्रीवर विद्यापीठाच्या आवारात राहण्याची सक्ती नसावी. वरवर पाहता ह्या नोकरीच्या सामान्य शर्ती दिसतात. पण एकेक कलम उलगडून पाहिले म्हणजे त्यामागील विचार स्पष्ट होतो. प्राध्यापकाचा दर्जा मागितला तो अशासाठी की ज्या सभेत अभ्यासक्रम ठरतो त्या सभेत बसण्याचा हक्क मिळावा; धोरणाची कलमे आपल्या दफ्तरातून निघावीत असा आग्रह धरला तो अशासाठी की मुलींबद्दलचे निर्णय मुलींना न ओळखणाऱ्यांनी घेऊ नयेत; आणि आवारात राहण्यास नकार दिला तो अशासाठी की रात्री किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारी बाई आणि विद्यापीठाची अधिकारी ह्यांत लोकांनी गल्लत करू नये. अटी मान्य झाल्या. पुढील पंधरा वर्षे ही बाई त्या कागदाच्या बळावर उभी राहिली, आणि तिच्यावर जे जे आघात झाले ते बहुतेक सारे ह्याच कागदातील एकेका कलमावर झाले.

त्या दफ्तरातून चाललेले काम आज समुपदेशन ह्या नावाने ओळखले जाईल. पण त्या शब्दात आज जो केवळ सांत्वनाचा अर्थ मुरला आहे, तो स्लोबाईंना मान्य झाला नसता. नव्या मुलींना प्रथम विद्यापीठाची ओळख करून देणे, आरोग्य, निवास, अभ्यास आणि उपजीविका ह्या चारही बाबतींत त्यांची गाठ योग्य माणसांशी घालून देणे, विद्यार्थिनींच्या संघाचा कारभार त्यांच्याच हाती सोपवून जबाबदारीची सवय लावणे, असा तो क्रम होता. १९३३ साली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी आपले निदान निर्भीडपणे मांडले आहे. ज्या घरांतून ह्या मुली येतात तेथे, आणि चर्चमध्येही, बाईने ऐकावे आणि पुरुषाने ठरवावे हीच शिकवण असते. म्हणून स्वतः पुढाकार घेण्याची त्यांची शक्ती खुरटलेली असते. कॉलेजनेही तेच वळण चालू ठेवले तर पदवी हाती पडूनही मुलगी परावलंबीच राहते. म्हणून मुलींनी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र ह्या विषयांकडे वळावे, शिक्षकीखेरीज इतर व्यवसायही डोळ्यांपुढे ठेवावेत, असा त्यांचा कटाक्ष होता. मतदानाचा हक्क मिळालेली स्त्री राज्यकारभाराचे ज्ञान नसताना त्या हक्काचे काय करणार, हा त्यांचा सवाल होता.

त्यांच्या कारकीर्दीत सुरू झालेले विद्यार्थिनींचे वार्षिक भोजन हा ह्याच शिक्षणाचा एक भाग होता. पहिल्या वर्षाची बुजरी मुलगी, शेवटच्या वर्षाची पदवीच्छुक, अध्यापिका, आणि बाहेर पडून डॉक्टर, वकील वा मुख्याध्यापिका झालेल्या माजी विद्यार्थिनी एका रात्री एकत्र जेवत, भाषणे करीत, आणि सभेची सारी सूत्रे स्त्रियांच्याच हाती असत. खेड्यातून आलेल्या ज्या मुलीने आपल्या वर्णाची वकील स्त्री जन्मात पाहिली नव्हती, तिला तशी एक बाई शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्याला मीठ पुढे कर म्हणून सांगताना दिसली, की व्यवसायमार्गदर्शनाच्या दहा व्याख्यानांचे काम तेथल्या तेथे होऊन जात असले पाहिजे. ब्रुकलंड भागातील त्यांचे घर आणि बागही मुलींना खुली असे. तेथे त्या आपली सहचरी, शिक्षिका आणि नाटककार मेरी बरिल, यांच्यासह राहत.

परंतु एका विद्यापीठातील एका दफ्तराने हा प्रश्न सुटणारा नव्हता. गोऱ्या अधिष्ठात्रींची राष्ट्रीय संस्था होती खरी. पण तिची अधिवेशने ज्या हॉटेलांत भरत तेथे कृष्णवर्णीय सभासदाला धडपणे राहण्याजेवण्याचीही सोय मिळत नसे, आणि कृष्णवर्णीय कॉलेजांचे प्रश्न तेथे चर्चेला येत नसत. म्हणून १९२९ साली स्लोबाईंनी हॉवर्डमध्ये कृष्णवर्णीय कॉलेजांतील अधिष्ठात्री आणि शाळांतील मुलींच्या सल्लागार यांची परिषद बोलावली, आणि तीतून त्यांची स्वतंत्र संघटना जन्मास आली. दूरच्या दक्षिणेतील एखाद्या कॉलेजात एकट्याने झगडणाऱ्या बाईला आपल्यासारख्या इतर आहेत, त्यांची उत्तरे आपल्या उपयोगी पडतील, हा धीर त्या परिषदांतून मिळू लागला. हॉवर्डमध्ये १९२५ साली पदवी घेतलेल्या स्लोबाईंच्या विद्यार्थिनी हिल्डा डेव्हिस पुढे अलाबामातील टॅलाडेगा कॉलेजात अधिष्ठात्री झाल्या आणि ह्या संघटनेच्या धुरीणांत गणल्या गेल्या. १९३५ साली मेरी मक्लाउड बेथून यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापिली, तेव्हा तिच्या पहिल्या चिटणीसही स्लोबाईच होत्या.

येथवरची हकीकत उत्कर्षाची आहे. पुढची मन विषण्ण करणारी आहे. १९२६ साली मॉर्डेकाय जॉन्सन हे विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. त्यांचे कर्तृत्व थोर होते. ज्या विधि-महाविद्यालयाने पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना न्यायालयात सुरुंग लावला, ते त्यांच्याच कारकीर्दीत नावारूपास आले. आणि तरीही ह्याच पुरुषाच्या राज्यात अधिष्ठात्रीची सनद कलमाकलमाने रद्द होत गेली, हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका पालकाने १९२७ साली तक्रार केली की अमुक एक प्राध्यापक वर्गात मुलींसमोर अश्लील बोलतो. स्लोबाईंनी ती तक्रार अध्यक्षांपर्यंत नेली आणि तड लागेपर्यंत सोडली नाही. त्याबद्दल त्या प्राध्यापकाने त्यांनाच शिवराळ पत्र लिहिले. त्याची नोकरी लगेच गेली नाही. त्याला रजा देण्यात आली. शिक्षा म्हणावी अशी झाली ती तक्रार नेणाऱ्या बाईला. इतर अधिष्ठात्यांचे पगार वाढले तेव्हा त्यांचा पगार मागे राहिला. ज्या मंडळात अधिष्ठाते बसून धोरण ठरवीत, तेथून त्यांना दूर ठेवण्यात आले. दफ्तराच्या खर्चाला कात्री लागली.

१९३१ साली मुलींची तीन नवी वसतिगृहे उभी राहिली, ही त्यांच्या चिकाटीच्या मागणीची फलश्रुती होती. पण दोनच वर्षांनी त्याच आवाराचा उपयोग त्यांच्याविरुद्ध झाला. अधिष्ठात्रीने ब्रुकलंडचे घर सोडून आवारात राहावयास यावे असा हुकूम निघाला. पुरुष अधिष्ठात्यांना असा हुकूम नव्हता. माजी विद्यार्थिनी आणि पालक ह्यांनी विरोधाची पत्रे धाडली, आणि स्लोबाई आपल्या घरीच राहिल्या. पण आपण अधिकारी आहोत की पहारेकरीण, हा अकरा वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न त्यांना पुन्हा एकवार लढावा लागला. १९३७ साली त्या आजारी पडल्या. अंथरुणावर असतानाच, कामावर रुजू व्हा नाहीतर जागी दुसरी नेमणूक होईल, असा निरोप त्यांना आला, असे चरित्रकार सांगतात. २१ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका लेखाचा विषय होता, कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीने कशाची अपेक्षा ठेवावी. शेवटपर्यंत त्या हिशेब मागत होत्या तो मुलीच्या बाजूने आणि विद्यापीठाकडून.

ह्या हकीकतीचा बोध मला असा दिसतो की मुलींना धीर देणारी माणसे समाजाला नेहमीच प्रिय असतात, परंतु त्या धीराला अधिकाराची जोड मागणारी बाई दिसली की तोच समाज अस्वस्थ होतो. ज्या बाईचा सल्ला वर्गाच्या वेळापत्रकात, अंदाजपत्रकात आणि प्राध्यापकाच्या वर्तणुकीच्या चौकशीत उमटू शकत नाही, तिचा सल्ला कितीही वत्सल असला तरी मुलीला परिस्थितीशी जुळवून घ्यायलाच शिकवितो. स्लोबाईंच्या सनदेतील खरा दोष हा की ती एका अध्यक्षाने दिलेली होती आणि म्हणून दुसऱ्या अध्यक्षाला ती काढून घेता आली. १९२७ च्या तक्रारीमागे कायद्याचे बळ नव्हते. आपल्या देशात १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर अशा तक्रारीसाठी समिती नेमणे बंधनकारक झाले, तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री असलीच पाहिजे असे ठरले, ही फार मोठी प्रगती आहे. पण ती अध्यक्षा प्राचार्यांच्या मर्जीवर किती अवलंबून आहे, दलित, आदिवासी वा भटक्या जमातीतून आलेल्या मुलीची तक्रार हाती घेतल्यावर त्या बाईची स्वतःची बढती सुरक्षित राहते काय, आणि वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना धोरण ठरविणाऱ्या सभेत बसावयास मिळते काय, ह्या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कॉलेजाने आपल्या कागदपत्रांतून द्यावीत. स्लोबाईंनी नेमणुकीपूर्वी जो मसुदा पाठविला, तसा मसुदा आपल्याकडील ह्या पदावर येणाऱ्या प्रत्येक बाईने आधी मागून घ्यावा, आणि तो एका माणसाच्या सहीने नव्हे, तर संस्थेच्या घटनेत नोंदवून घ्यावा.