कोड कसाला लावा!

'आता प्रोग्रामर संपले' ही आवई होस्टेलच्या मेसपर्यंत पोचलीय. जळगावचा सराफ जुनं सोनं कसाला लावल्याशिवाय घेत नाही. आपण मात्र एआयचा कोड डोळे झाकून चिकटवतो. हे मॉडेल पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधतं, म्हणून लायब्ररीत नसलेलं फंक्शनही झोकात लिहून देतं. कंपाइलर ओरडला तर नशीब! प्रोग्राम चालून गुपचूप चुकीचं उत्तर आलं, की रात्र गेलीच. २०२५ मध्ये 'मेटर' या अमेरिकन संस्थेनं १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टमधली कामं दिली. एआय वापरल्यावर वेळ १९ टक्के जास्त लागला. त्यांना मात्र २० टक्के वाचला असंच वाटत होतं. तपासण्याचा वेळ कुणी धरतच नाही! (व्हायव्हात एक्स्टर्नल 'ही ओळ काय करते?' विचारतात, ते वेगळंच.)