मांजराचा आहार : कच्चे मांस व शाकाहार

पाळीव मांजर (फेलिस कॅटस) हा अनिवार्य मांसाहारी प्राणी होय. मांजराला मांस आवडते एवढाच ‘अनिवार्य’ या विशेषणाचा अर्थ नाही. जगण्यास आवश्यक अशी काही द्रव्ये त्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही व ती निसर्गात जवळजवळ केवळ प्राणिज पदार्थांतूनच पुरेशी मिळतात, असा तो अर्थ आहे. कुत्र्याचे तसे नाही. भाकरी, वरण व ताक यांवर वाढलेली कुत्री खेडोपाडी दिसतात. मांजरालाही तोच न्याय लावला जातो आणि तेथे चूक होते. याच्या उलट टोकाला, वाघ कच्चे मांस खातो म्हणून मांजरालाही कच्चेच मांस द्यावे, असा आग्रह शहरांतील काही मांजरप्रेमी धरतात. हे दोन्ही पर्याय शरीरक्रियेच्या कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न नवा वाटतो, परंतु त्याची मुळे जुनी आहेत. धामणगाव रेल्वे (जि. अमरावती) हे नागपूर-भुसावळ लोहमार्गावरील कापसाच्या व्यापाराचे गाव. वऱ्हाडातील अशा बाजारगावांत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले आणि त्यांबरोबर मारवाडी व जैन व्यापारी कुटुंबे स्थायिक झाली. या कुटुंबांत, तसेच माळकरी वारकऱ्यांच्या आणि रिद्धपूर हे ज्यांचे मोठे तीर्थस्थान त्या महानुभाव पंथीयांच्या घरांत मांस वर्ज्य असते. ते शिजविणे दूरच, उंबरठ्याच्या आत आणणेही चालत नाही. तरीही या घरांत मांजर असेच. सरकी, ढेप, तूर व ज्वारी जेथे साठविली जाते तेथे उंदीर होतात आणि उंदरांसाठी मांजर हवे. त्याच्यापुढे सकाळ-संध्याकाळ दुधात कुस्करलेली पोळी किंवा भाकरी ठेवली जाई. ‘आमच्या मांजराने जन्मात मांस खाल्ले नाही’, असे अशा घरांतील वडीलधारी माणसे प्रामाणिकपणे सांगत. मात्र ते मांजर रात्री गोदामात काय करीत होते, हे त्यांनी पाहिलेले नसे. उंदीर, घूस, पाल, चिमणी व नाकतोडे हा त्याचा खरा आहार होता, दूध-पोळी हा वरखर्च. स्वतः शिकार करून जगणारी मांजरे सु. ५२% ऊर्जा प्रथिनांतून, ४६% वसेतून (स्निग्ध पदार्थांतून) आणि जेमतेम २% कार्बोहायड्रेटांतून मिळवितात, असे अशा मांजरांच्या आहाराच्या अभ्यासात आढळले आहे. ज्वारीच्या पिठात मात्र वजनाच्या सु. ७०% कार्बोहायड्रेट व सु. १०% प्रथिन असते.

आता घरे सिमेंटची झाली, दारे बंद राहू लागली. विकत आणलेले लांब केसांचे पर्शियन मांजर सदनिकेच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. त्याला उंदीर दिसतही नाही. त्याच्यापुढची वाटी तीच राहिली, पण जो वरखर्च होता तोच संपूर्ण आहार झाला. शाकाहारी घरातील मांजराच्या आजारांचे मूळ पुष्कळदा या एका बदलात सापडते.

मांजराची शरीररचना मांसासाठीच बनलेली आहे. त्याला ३० दात असून दाढा कात्रीप्रमाणे एकमेकींवरून सरकतात. दळण्याजोगे रुंद पृष्ठ त्यांना नसते. लाळेत अमायलेज हे स्टार्चाचे पचन करणारे एंझाइम नसते. आतड्याची लांबी शरीराच्या सु. चौपट, म्हणजे शाकाहारी प्राण्यांच्या मानाने फारच कमी असते. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीसाठी लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक निकामी झाल्याचे २००५ साली दाखविण्यात आले. पेढ्याकडे मांजर वळते ते खव्यातील वसेमुळे, साखरेमुळे नव्हे. शिजविलेला स्टार्च त्याला काही प्रमाणात पचतो, हे खरे. मात्र यकृतातील प्रथिनांचे विघटन करणारी एंझाइमे सदैव कार्यरत असतात. आहारात प्रथिन कमी आले तर इतर प्राणी ते काटकसरीने वापरतात. मांजराला ही काटकसर फारशी साधत नाही व ते स्वतःचे स्नायू झिजवू लागते. प्रौढ मांजराच्या खाद्यात शुष्कभाराच्या किमान २६% व पिलांच्या खाद्यात ३०% प्रथिन असावे, असे अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे मानक आहे.

सर्वांत महत्त्वाचे द्रव्य टॉरीन हे होय. हे गंधकयुक्त ॲमिनो अम्ल १८२७ मध्ये प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे करण्यात आले व त्यावरूनच त्याला हे नाव पडले. बहुतेक सस्तन प्राणी ते इतर ॲमिनो अम्लांपासून तयार करतात. मांजरात त्यासाठी लागणाऱ्या एंझाइमांची क्रियाशीलता अत्यल्प असते. शिवाय पित्तलवणे तयार करताना माणसाला टॉरिनाऐवजी ग्लायसीन वापरता येते, तर मांजराला टॉरीनच लागते. त्यामुळे ते आतड्यावाटे सतत खर्च होत राहते. १९७५ साली के. सी. हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, केसीन हे प्रथिन दिलेल्या मांजरांच्या डोळ्यांतील जालपटलाचा ऱ्हास होतो व त्याचे कारण टॉरिनाची न्यूनता हे आहे. केसीन म्हणजे दुधातील मुख्य प्रथिन. दुधावर मांजर पोसते, या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येणार नाही. कुत्र्यांसाठी बनविलेले खाद्य खाणाऱ्या मांजरांतही असाच ऱ्हास पुढे आढळला. तो महिनोन्‌महिने निमूटपणे चालू असतो. मांजर सवयीने घरात वावरत राहते आणि एके दिवशी हलविलेल्या खुर्चीवर आदळते, तेव्हा घरच्यांना शंका येते. नष्ट झालेले जालपटल पुन्हा तयार होत नाही.

हृदयाची गोष्ट थोडी आशादायक आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन प्रभृतींनी मांजरांतील हृदयस्नायू शिथिल होऊन हृदय फुगण्याच्या विकाराचा संबंध रक्तातील अल्प टॉरिनाशी जोडला आणि टॉरीन दिल्यावर पुष्कळ मांजरे बरी होतात, हेही दाखविले. यांतील काही मांजरे बाजारातील नामांकित, मांसयुक्त खाद्यावर होती. म्हणजे मांस असणे पुरेसे नाही, टॉरीन पुरेसे आहे की नाही हे महत्त्वाचे. त्यानंतर मानके वाढविण्यात आली : कोरड्या खाद्यात ०·१% व डबाबंद ओल्या खाद्यात ०·२% (शुष्कभारावर). धान्ये, डाळी व भाजीपाला यांत टॉरीन जवळजवळ नसते. दूध व अंडी यांत अत्यल्प असते. म्हणून ‘अंडे चालते’ अशा घरांचाही प्रश्न अंड्याने सुटत नाही.

इतर न्यूनतांचा उल्लेख थोडक्यात पुरे. गाजरातील कॅरोटिनाचे अ जीवनसत्त्वात रूपांतर मांजर करू शकत नाही. त्याला ते यकृतासारख्या प्राणिज पदार्थांतून तयार स्वरूपातच लागते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ट्रिप्टोफॅनापासून नायासीन बनत नाही आणि वनस्पतिजन्य तेलांपासून ॲराकिडोनिक हे वसाम्ल पुरेसे बनविता येत नाही. आर्जिनीन पूर्णपणे वगळलेले एक जेवणही काही तासांत रक्तातील अमोनिया वाढवून मांजराला गंभीर आजारी करते, असे प्रयोगात दिसून आले आहे. सुदैवाने आर्जिनीन बहुतेक प्रथिनांत असते.

कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते बहुधा फ्रान्सिस पॉटेंजर यांच्या प्रयोगांचा हवाला देतात. १९३२–४२ या काळात कॅलिफोर्नियात केलेल्या या प्रयोगांत कच्चे मांस मिळालेली मांजरे निरोगी राहिली, तर शिजविलेले मांस मिळालेल्या मांजरांत व त्यांच्या पुढील पिढ्यांत व्यंगे वाढत गेली, असे नोंदविले गेले. मांजराची टॉरिनाची गरज तेव्हा ज्ञात नव्हती. टॉरीन पाण्यात विरघळते. मांस उकळून पाणी फेकून दिले की, त्याचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो. प्रयोगातील व्यंगांचे हे एक स्पष्टीकरण सांगितले जाते आणि ते खरे मानल्यास उपाय कच्चेपणा हा नसून उकळलेले पाणी न फेकणे हा ठरतो.

शिवाय नुसते मांस, मग ते कच्चे असो वा शिजविलेले, हा संपूर्ण आहार नव्हे. उंदीर खाताना मांजर हाडे, यकृत, रक्त व आतडी यांसह तो खाते. खाटकाकडून आणलेल्या हाडविरहित मांसात हे काही नसते. अशा मांसात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण सु. १ : २० असते, तर मांजराला ते १ : १ किंवा थोडे अधिक लागते. कॅल्शियम कमी पडले की, परावटू ग्रंथी हाडांतून ते काढू लागतात. केवळ मांसावर वाढविलेली पिले दोन-तीन महिन्यांत लंगडू लागतात व लहानशा उडीनेही त्यांची हाडे मोडतात. मांसाहारी घरात, भरपूर खर्च करूनही हे घडते, म्हणून ते अधिक दुःखद. केवळ यकृत दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके जुळतात. काही जातींच्या कच्च्या माशांतील एंझाइम थायामिनाचा (ब१ जीवनसत्त्वाचा) नाश करते.

कच्च्या मांसाचा दुसरा धोका संसर्गाचा. साल्मोनेला, एश्चेरिकिया कोलाय यांसारखे सूक्ष्मजंतू मांजराला पुष्कळदा बाधत नाहीत, पण त्याची वाटी धुणाऱ्या माणसाला बाधतात. टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय या प्रजीवाचे अंतिम पोषक मांजर कुलातील प्राणीच आहेत, हे १९७० च्या सुमारास निश्चित झाले. कच्च्या मांसातून किंवा उंदरातून बाधा झालेले मांजर एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याच्या पुटी टाकते; गर्भवती स्त्रियांना प्रथमच बाधा झाल्यास गर्भाला इजा पोहोचते. ताज्या विष्ठेतील पुटी संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो, म्हणून विष्ठापात्र रोज साफ करणे व ते काम गर्भवतीकडे न देणे एवढी दक्षता उपयोगी पडते. मांजर घराबाहेर काढण्याची आवश्यकता नसते.

अलीकडच्या काळात पक्षिज्वराची भर पडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथील बचाव केंद्रात ३ वाघ व १ बिबट्या मरण पावले. भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतील तपासणीत त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ विषाणू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तो सापडला. अमेरिकेत त्याच सुमारास गोठविलेल्या कच्च्या टर्की मांसाचे खाद्य खाऊन एक घरातील मांजर दगावले. गोठविल्याने हा विषाणू मरत नाही. मांसाचा गाभा ७०° से.पर्यंत तापला की तो नष्ट होतो. वाघ कच्चे मांस खातो, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी गोरेवाड्याचे उदाहरण ध्यानात ठेवावे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५° से.च्या पुढे जातो आणि वीज जाते. अशा ठिकाणी शीतपेटीच्या भरवशावर कच्चे मांस साठविणे धोक्याचे आहे.

पूर्णतः शाकाहारी खाद्य अशक्य आहे काय? रसायनशास्त्राच्या दृष्टीने नाही. टॉरीन कारखान्यात संश्लेषणाने तयार होते व मांसयुक्त खाद्यातही तेच मिसळतात. अ जीवनसत्त्व कृत्रिम मिळते, ॲराकिडोनिक अम्ल एका कवकापासून मिळते. काही देशांत अशी खाद्ये विकली जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३६९ मांजरांच्या पाहणीत वनस्पतिजन्य आहारावरील मांजरांचे आरोग्य इतरांहून लक्षणीय वाईट आढळले नाही. तथापि ही माहिती मांजराच्या पालकांनी स्वतः दिलेली होती; रक्ततपासणीवर ती आधारित नव्हती, आणि आरंभीचा नेत्रऱ्हास पालकांना दिसत नाही, हे वर आलेच आहे. वनस्पतिजन्य आहाराने मूत्र अल्कधर्मी होऊन खडे बनण्याची प्रवृत्ती वाढते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबला तर एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून असे खाद्य द्यावयाचेच, तर ते संपूर्ण आहार म्हणून प्रमाणित असावे आणि मूत्र, रक्तातील टॉरीन व डोळे यांची पशुवैद्याकडून नियमित तपासणी व्हावी. लहान गावात ही सोय नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा ठिकाणी मांजरावर हा प्रयोग करू नये. वरण-पोळी, पनीर किंवा सोयाबीन यांचा घरगुती शाकाहार तर कोठेच देऊ नये.

ज्या घरात मांस शिजविले जात नाही, तेथे प्रमाणित कोरडे किंवा पाकीटबंद मांजरखाद्य हा व्यवहार्य मार्ग आहे. त्यात मांस असतेच, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. स्वतःचे व्रत सांभाळणे आणि पाळलेल्या जीवाला त्याचा आहार देणे या दोन बाबी वेगळ्या मानणारी कुटुंबे तो मार्ग पत्करतात. ज्यांना तेही मान्य नाही, त्यांनी मांजराऐवजी ससा, गाय किंवा पक्ष्यांसाठी अंगणात दाणे-पाणी यांचा विचार करावा. कुत्र्याचे खाद्य मात्र मांजराला देऊ नये.

मांसाहारी घरात कोंबडीचे वा बोकडाचे मांस थोड्या पाण्यात शिजवून त्या पाण्यासह द्यावे. हृदयात टॉरीन भरपूर असल्याने ते अधूनमधून घालावे. यकृत एकूण मांसाच्या सु. ५% च्या वर नसावे. १०० ग्रॅ. हाडविरहित मांसास अंड्याच्या टरफलाची अगदी बारीक पूड सु. अर्धा ग्रॅ. मिसळली की कॅल्शियमाची उणीव भरून निघते. आयोडीन व काही जीवनसत्त्वे यांसाठी पशुवैद्याने सांगितलेले पूरक द्रव्य लागते. शिजविलेली हाडे फुटून टोकदार होतात, ती टाळावीत. वऱ्हाडी रश्शातील तुकडे धुऊन देण्याची पद्धत घातक आहे, कारण कांदा व लसूण यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या कोशिका फुटतात. दूध बहुतेक प्रौढ मांजरांना पचत नाही व हगवण लागते. कोरड्या खाद्यावरील मांजरासाठी, विशेषतः उन्हाळ्यात, दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे. मांजर मुळात कमी पाणी पिणारा प्राणी आहे.

आहार बदलताना नवे खाद्य जुन्यात थोडे थोडे मिसळून आठ-दहा दिवसांत बदल पुरा करावा. भूक लागली की खाईल, या समजुतीने मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात वसा साचू लागते, कावीळ होते व उपचार न झाल्यास ते दगावते.