जखम भरली, भीती उरली

समजा, तुमच्या वर्गातील एक मुलगा सायकलवरून येताना ट्रकचा धक्का लागून पडला. पायाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, यथावकाश प्लास्टर निघाले. क्ष-किरण चित्रात हाड उत्तम जुळलेले दिसते. मुलगा शाळेत येऊ लागतो. पण मोठा हॉर्न वाजला की तो पांढराफटक पडतो. रात्री किंचाळत उठतो. अभ्यासात त्याचे लक्ष लागत नाही. "आता कुठे काय दुखते आहे? सोंग करतो झाले!" असे कोणीतरी म्हणतेच. हे खरोखर सोंग असते काय?

उत्तरासाठी आपण इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जाऊ. अन्न देण्यापूर्वी दर वेळी ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने दाखवून दिले होते. १९२४ साली लेनिनग्राडला महापूर आला. प्रयोगशाळेतील कुत्र्यांना मोठ्या मुश्किलीने पाण्यातून बाहेर काढावे लागले. कुत्रे वाचले, पण त्यांतील काही शिकलेले सारे विसरून गेले. त्यांपैकी एक कालांतराने सुधारला. तेव्हा त्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची लहानशी धार सोडण्यात आली. पूर नव्हता, धोका नव्हता. तरी कुत्रा पुन्हा पहिल्यासारखाच भेदरला!

असे का होते? आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग आहे. ही जणू धोक्याची घंटा. ती वाजली की रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन मिसळते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. जीव वाचवण्यासाठी ही तयारी आवश्यकच असते. परंतु त्या क्षणीचे आवाज आणि वासही भीतीशी जोडले जातात. मग रुग्णालयात बरे झालेल्या मुलाला नुसता स्पिरिटचा वास आला, तरी घंटा वाजते. आग नाही, पण बंब धावतो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या रोगवर्गीकरणात या विकाराचा समावेश केला. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणता येईल. आरंभी चर्चा झाली ती मुख्यतः युद्धावरून परतलेल्या सैनिकांची. पुढे भाजणे, अपघात, कर्करोग, अतिदक्षता विभागातील उपचार यांनंतर मुलांमध्येही तो आढळला. लहान मुले तर तोच प्रसंग खेळात पुनःपुन्हा खेळतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जखम किती मोठी होती, एवढ्यावरून भीती मोजता येत नाही. मुलाला स्वतःला धोका केवढा वाटला, याला अधिक महत्त्व असते.

सुदैवाने बहुतेक मुलांची ही भीती काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटूनही ती राहिली आणि शाळा, झोप, खेळ यांत अडथळा येऊ लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. उपचाराचे एक तत्त्व पाव्हलॉव्हच्याच प्रयोगात आहे. आवाज करून अन्न दिलेच नाही, तर काही दिवसांनी लाळ सुटणे थांबते. तसेच सुरक्षित जागी, तज्ज्ञाच्या सोबतीने, मूल तो प्रसंग थोडा थोडा सांगते. टाळलेल्या रस्त्यावर पायरीपायरीने जाते. हॉर्न वाजला तरी धडक होत नाही, हे मेंदू नव्याने शिकतो. सतत टाळत राहिल्यास हे शिकण्याची संधीच मिळत नाही.

तुम्हाला काय करता येईल? अशा मित्राला चिडवू नका. "सांग ना, काय झाले होते?" असा आग्रहही धरू नका. तो बोलू लागला तर मात्र शांतपणे ऐका. चौकापर्यंत त्याच्याबरोबर चाला. भीती तुमच्याच मनात असेल, तर घरी किंवा शिक्षकांना सांगा. भारत सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

आणि शिक्षकांना एक विनंती. एखाद्या विद्यार्थ्याचे गुण एकाएकी घसरले, तर प्रगतिपुस्तकावर 'आळशी' हा शेरा लिहिण्यापूर्वी गेल्या वर्षभरात तो कधी रुग्णालयात होता काय, एवढे अवश्य विचारावे.